तिसऱ्या रविवारचा भाग

नाताळच्या आत शांतवनला सांगून टाकायचं, असं सुवार्ता साळवेनं ऑगस्टातच ठरवलं होतं. एकदा ठरवलं की माणसाला वाटतं, अर्धं काम झालं. म्हणून मग सप्टेंबर गेला, दसरा-दिवाळी गेली, रुपीनगरातल्या घरांवरचे आकाशकंदील उतरले आणि ख्रिस्ती घरांवर तारे चढले, तरी तिचं काम अर्ध्यावरच राहिलं. डिसेंबर लागला तेव्हा तिनं स्वतःला समजावलं, अजून नाताळ लांब आहे.

सांगायचं होतं ते असं. आठ वर्षांपूर्वी तिची सासू गिरजाबाई वारली. अर्धांगवायूनं म्हातारी अडीच वर्षं खाटेला खिळून होती, वाचा गेली होती. काही हवं असलं की डाव्या हातातला चमचा खाटेच्या लोखंडी गजावर वाजवायची. पाणी हवं तरी चमचा, कूस बदलायची तरी चमचा, आणि कधी कधी नुसतं कुणी जवळ बसावं म्हणूनही चमचा. सुवार्तानं तिचं सगळं केलं; गल्लीत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी दुपारी दीड वाजता ती बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसली होती. तीन रात्रींची झोप राहिली होती. आदल्या संध्याकाळचा भाग दुपारी परत दाखवतात, तो बघत होती. चमचा वाजला. ती उठली नाही. पुन्हा वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला. तिनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जाहिरातींसकट अर्धा तास गेला. आत गेली तेव्हा म्हातारीचा हात गजावर होता आणि चमचा फरशीवर पडला होता.

शांतवन चाकणला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्या दिवशी तो पहिल्या शिफ्टला होता. घरी आला तेव्हा सुवार्ता म्हणाली, "झोपेतच गेल्या." तीन शब्दसुद्धा नाहीत. पण शांतवननं त्या दोन शब्दांवर आपला सगळा विश्वास रचला. दर वर्षी आईच्या आठवणीच्या रविवारी तो चर्चच्या मंडळीत उभा राहून साक्ष द्यायचा. "अडीच वर्षं तिनं सोसलं, पण शेवटी देवानं तिला झोपेत नेलं. कळूसुद्धा दिलं नाही. म्हणून मी त्याला धरून आहे." मंडळी आमेन म्हणायची. सुवार्ता पेटी वाजवायला बसलेली असायची. तीही आमेन म्हणायची.

तळवड्यात एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये ही आशीर्वाद मंडळी भरते. वर अजून क्रेनचा रूळ आहे आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात त्यालाच तारे टांगतात. तीन वर्षांपूर्वी तिथं प्रसन्न गोर्डे नावाचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. वय तेहेतीस, बोलणं गोड, चेहरा हसरा. त्यांनी एक टूम काढली. नाताळच्या आधीच्या चार रविवारी आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशा चार मेणबत्त्या लावतात. दर मेणबत्तीला त्यांनी टीव्हीवरची मालिका जोडली. म्हणजे लोक घरी रोज बघतात त्या मालिकेतला एक प्रसंग घ्यायचा, त्यावर मनन करायचं आणि शेवटी त्याला साजेसं आगमनाचं गीत म्हणायचं. "लोक शास्त्र आठवड्यातून एकदा उघडतात आणि टीव्ही रोज," ते म्हणायचे. "मग देवानं त्यांना भेटायला कुठं जावं?" बोलणं काही खोटं नव्हतं. चाकणच्या कंपन्यांतली पोरं, जी एरवी रविवारी ओव्हरटाइम शोधायची, तीही येऊन बसायला लागली.

अडचण एकच होती. पाळकसाहेबांच्या घरी टीव्ही नव्हता. मालिका त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ती बघायची सुवार्ता. टूम चालली तशी ती एरवीच्या रविवारीही सुरू झाली, आणि दर गुरुवारी ती त्यांना फोन करून 'साडेसातची'चा आठवडा सांगायची. मालिकेचं नाव लांबलचक होतं, पण मंडळीत सगळे तिला साडेसातचीच म्हणत. ते मधेमधे विचारायचे, ती सून का रडली, तो दीर कुठला, आणि मग तिला विचारून गीतही ठरवायचे. रविवारी मात्र माइक हातात घेऊन सुरुवात करायचे, "परवा मी साडेसातची बघत होतो." पेटीमागे सुवार्ता गालातल्या गालात हसायची. पाळकाचं एवढंसं खोटं देव चालवून घेत असेल, असं तिला वाटायचं. वाटायला काय जातं.

ऑगस्टात अशाच एका गुरुवारी ते स्वतः घरी आले होते. शांतवन कामावर होता. मालिकेतल्या राजलक्ष्मी सासूला चक्कर आल्याचं सांगता सांगता सुवार्ता थांबली आणि एकदम रडायला लागली. मग सगळं सांगितलं. रिमोट, आवाज, गजावरचा हात. "त्यांना पाणी हवं होतं की नुसती मी हवी होते, हे आता मला कधीच कळायचं नाही," ती म्हणाली. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, "ताई, हे इथंच राहील. देवानं तुम्हाला माफ केलं. आता शांतवनभाऊंना तुम्ही स्वतः सांगा. माफी तुमच्या तोंडून मागा. नाताळच्या आत."

त्या रात्री ती आठ वर्षांनी गाढ झोपली. पाळकसाहेबांबद्दल तिला इतकी माया वाटली की पुढचे चार महिने त्यांच्या घरी दर शनिवारी तिच्या हातचं कालवण जात राहिलं. आपलं ओझं कुणीतरी धरलं आहे, या विश्वासावर ती चालत होती. शब्दांची जुळवाजुळवही करून ठेवली होती. चहा द्यायचा, समोर बसायचं, आणि म्हणायचं, "अहो, मला तुमची माफी मागायची आहे." पुढचं आपोआप येईल, असं तिनं धरलं होतं.

आगमनाचे पहिले दोन रविवार छान गेले. पहिल्याला राजलक्ष्मीचा हरवलेला थोरला मुलगा, ज्याचं ताट ती रोज वाढून ठेवते. त्यावरून आशा, आणि वाट बघणाऱ्या जनांचं गीत. दुसऱ्याला अंगणात रेघ मारून वेगळे झालेले भाऊ, त्यावरून शांती. तिसऱ्या आठवड्यात मात्र मालिकेनं दगा दिला. सोमवारपासून मालिकेतल्या सुनेच्या, सुनयनाच्या, नणंदेची नुसती हळद चालली होती. तोच नाच, तेच उखाणे.

"साहेब, या वेळी हाताला काही लागत नाही," गुरुवारी तिनं फोनवर सांगितलं. "पुढच्या आठवड्यात लग्न आहे, तेव्हा काहीतरी फुटेल. या मालिकेवाल्यांचं लपवलेलं सगळं मांडवातच फुटतं. चारशे माणसं जमल्याशिवाय यांना खरं बोलताच येत नाही. घरात बसून सांगायला काय होतं, कोण जाणे."

पाळकसाहेब हसले. "बघतो मी काहीतरी," म्हणाले. "गीत तेच ठेवूया, दारात उभा राहून हाक मारणाऱ्या राजाचं."

सुवार्तानं त्याच दिवशी मनाशी नक्की केलं, या रविवारी उपासनेहून आलं की सांगायचं. आनंदाचा रविवार आहे, शांतवन घरी असतो, दुपार निवांत असते. शनिवारी तिनं त्याच्या आवडीच्या गूळपोळीची तयारीसुद्धा करून ठेवली.

रविवारी तिसरी मेणबत्ती लागली. पाळकसाहेब उभे राहिले. "परवा मी साडेसातची बघत होतो," ते म्हणाले आणि बायका सावरून बसल्या. "राजलक्ष्मी आता अंथरुणाला खिळली आहे. बोलता येत नाही तिला. हाक कशी मारणार? हातात एक चमचा आहे. तो ती खाटेच्या गजावर वाजवते."

सुवार्ताला आधी वाटलं, साहेबांचा गोंधळ झालाय. असं काही मी सांगितलं नव्हतं, राजलक्ष्मी तर हळदीत नाचत होती. तिनं पेटीवरून हात उचलून त्यांना खूण करायचा प्रयत्नही केला. ते तिच्याकडे बघत नव्हते. "आणि सून बाहेरच्या खोलीत टीव्ही बघते आहे," ते पुढे म्हणाले. "चमचा वाजतो. सून उठत नाही. रिमोट उचलते आणि आवाज वाढवते."

मग तिला कळलं. शेडमध्ये दीडशे माणसं होती आणि त्यांच्यासमोर तिचे कपडे कुणीतरी एकेक करून उतरवत होतं, तेही हसऱ्या चेहऱ्यानं. तिसऱ्या रांगेत शांतवन बसला होता. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. ती पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

साहेब बोलत होते, आणि छान बोलत होते, हे आणखी वाईट. "तिला पाणी हवं होतं की नुसती सून जवळ हवी होती, हे आता कधीच कळायचं नाही." तिचंच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. "आपणसुद्धा हेच करतो. देव आतल्या खोलीतून हाक मारतो आणि आपण जगाचा आवाज वाढवतो. ज्या दिवशी तो आवाज बंद कराल, त्या दिवशी तुमच्या घरी आनंद येईल." मागच्या रांगेतून मोठ्यानं आमेन आलं. कुणीतरी नाक पुसलं.

गीताची वेळ झाली. सुरुवात तिनं करायची होती. पट्टीवर बोट ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं. तबलेवाल्यानं दोनदा तिच्याकडे पाहिलं. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक जाडाभरडा आवाज उठला आणि गीत सुरू झालं. शांतवन होता. एकवीस वर्षांच्या संसारात त्यानं कधी गीत सुरू केलं नव्हतं. तिला वाटलं, यानं काहीच ओळखलं नाही आणि मला सांभाळून घेतलं. कृतज्ञतेनं तिचे डोळे भरून आले.

उपासनेनंतर शेडच्या दाराशी चहा असतो. इंदुताई वाघमारे तिथं हातात पेला धरून उभी होती. साडेसातचीचा एक भाग तिनं चुकवला असेल तर तो तिच्या स्वतःच्या ऑपरेशनच्या दिवशी.

"हे कधी दाखवलं गं?" ती दोघीतिघींना विचारत होती. "राजलक्ष्मी खाटेवर कधी पडली? काल तर तांबडा शालू नेसून फिरत होती."

"मी पण तेच म्हणते," दुसरी म्हणाली. "मी रोज बघते."

एकीनं मोबाइल काढला. मागचे सगळे भाग त्यात असतात. या आठवड्याचे, गेल्या आठवड्याचे, त्याच्याही मागचे, पुढे ढकलून ढकलून पाहिले. चमचा कुठंच नव्हता. साहेबांनी ज्याच्या आड लपवलं ते या बायकांना पाठ होतं, एवढी साधी गोष्ट टीव्ही नसलेल्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती.

मोबाइल बंद झाला. इंदुताई पेल्यात बघत राहिली. मग हळूच तिनं सुवार्ताकडे मान वळवली. म्हातारीच्या आजारपणात ती आठवड्यातून दोनदा घरी यायची. "सुवार्ता," ती म्हणाली, "गिरजाबाई पण अशीच वाजवायची ना गं चमचा?"

सगळ्यांनी एकदम चहा प्यायला सुरुवात केली. सुवार्तानं आपला पेला टेबलावर ठेवला आणि ती आत गेली.

पाळकसाहेब प्लायवूडच्या आडोशामागे झगा काढून घडी घालत होते. "इथंच राहील म्हणाला होतात," ती म्हणाली.

"ताई, बसा आधी."

"बसायला नाही आले. माझं दुःख तुम्हाला कमी पडलेल्या भागाच्या जागी लावायला दिलं होतं का मी?"

"मी नाव घेतलं का तुमचं? मालिकेतलं म्हणून सांगितलं. किती लोक रडले, बघितलंत ना? तुमच्या त्या एका दुपारीनं आज किती जणांना हलवलं."

"बाहेर बायका मोबाइलवर भाग शोधतायत, साहेब. त्यांना कळलंय. आणि माझा नवरा तिथं बसला होता. अजून त्याला मी सांगितलं नव्हतं. आज घरी गेल्यावर सांगणार होते."

पाळकसाहेबांनी घडी घातलेला झगा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली. "मी असंतसं नाही केलं हो," ते म्हणाले. "विचारून केलं."

"कुणाला विचारून? मला नाही विचारलं."

"शांतवनभाऊंना. दिवाळीच्या आधी ते पुढच्या साक्षीबद्दल बोलायला आले होते. इतक्या विश्वासानं बोलत होते की मला राहवलं नाही, सांगून टाकलं. पाळक म्हणून मला वाटलं, नवरा-बायकोत एवढं लपलेलं बरं नाही. आणि परवा फोन करून विचारलं, मननात घेऊ का? ते हो म्हणाले."

सुवार्ताला वाटलं होतं, या शेडमध्ये एकच माणूस तिच्याशी खोटं वागला आहे. आता तिला गीत आठवलं, तो जाडाभरडा तयार आवाज आठवला, आणि डोळ्यांत आलेल्या कृतज्ञतेची तिला लाज वाटली. साहेब आणखी काही म्हणत होते. ते ऐकायला ती थांबली नाही.

शांतवन रस्त्यापलीकडे, बंद असलेल्या एका वजनकाट्याच्या भिंतीशी स्कूटर घेऊन उभा होता. रविवार असल्यानं रस्त्यावर ट्रक नव्हते. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दिवाळीपासून माहीत होतं तुम्हाला."

त्यानं मान हलवली. नाकारलं नाही.

"दोन महिने माझ्या हातचं जेवलात. माझ्याशेजारी झोपलात. फराळाला काय करायचं, ताऱ्याला कुठला कागद लावायचा, सगळं बोललात."

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"आज सांगणार होते."

"आठ वर्षं होती तुझ्याकडं," शांतवन म्हणाला. तो मोठ्यानं बोलत नव्हता. "आठ वर्षं मी तिथं उभा राहून लोकांना सांगत होतो, माझी आई झोपेत गेली. तू पेटीवर बसून ऐकत होतीस. एकदासुद्धा हात धरून मला खाली बसवावं वाटलं नाही तुला. सगळ्या मंडळीत मी एकटा येडा."

तो म्हणाला ते खरं होतं आणि ते खरं आहे हे तिला आठ वर्षं माहीत होतं. तरी ती म्हणाली, "मग घरी विचारायचं. मारायचं असतं तर मारायचं. दीडशे माणसांसमोर दुसऱ्याच्या तोंडून कशाला?"

शांतवननं स्कूटरच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसली. "तुझं तोंड बघायचं होतं मला," तो म्हणाला. "साहेब चमचा वाजला म्हणतील, तेव्हा कसं होतं ते."

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

"झालं समाधान. आता ते झालं गेलं." तो तिच्याकडे पाहू लागला, आणि त्याचा चेहरा खरंच मऊ झाला होता, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. "रडू नको. साहेबांशी बोललोय मी सगळं. प्रार्थना केली आम्ही दोघांनी. मी तुला माफ केलंय, सुवार्ता. दिवाळीलाच केलं. चल, बस गाडीवर."

ती बसली नाही. चहा पिऊन बाहेर पडलेल्या बायका शेडच्या दारातून इकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. तिला त्यांचं काही वाटेना. चार महिने तिनं एकच वाक्य घोळवलं होतं, तोंडात धरून ठेवलं होतं, आणि आता ते बोलायला जागाच उरली नव्हती.

"ती माफी मला मागायची होती, अहो," ती म्हणाली. "माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. ती तुम्ही दोघांनी मिळून माझ्याशिवाय उरकलीत."

तिनं पदर नीट केला आणि रुपीनगरच्या रस्त्यानं ती चालायला लागली. तो काही वेळ स्कूटर ढकलत तिच्या मागून आला. मग थांबला.